फ्लेक्सची पिशवी शिवायला बसण्याआधी

माझी पहिली फ्लेक्सची पिशवी पाच किलो ज्वारीला टिकली नाही. तळ शाबूत, पट्टे शाबूत. बाजूची शिवण मात्र पोस्टाच्या तिकिटासारखी टराटरा फाटत गेली आणि ज्वारी जिनाभर सांडली. इतकी वर्षं ब्लाउज शिवलेले, त्या सवयीने टाका बारीक ठेवला होता. सांगलीतच रिक्षांची सीटकव्हरं शिवणाऱ्या एका मामांना ती दाखवली. त्यांनी फाटलेल्या कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "ताई, कापडाचं भोक मिटतं. ह्याचं नाय मिटत. टाका मोठा घ्या."

फ्लेक्स म्हणजे पॉलिस्टरची जाळी आणि तिच्या दोन्ही बाजूंना चढवलेलं पीव्हीसी. सुई गेली की भोक कायमचं. म्हणून टाका ४ ते ५ मिलिमीटरचा, सुई १६ किंवा १८ नंबरची, दोरा पॉलिस्टरचा. टाचण्या नकोतच, कपडे वाळत घालायचे चिमटे लावा. शिवण चुकली तर उसवून त्याच रेघेवर पुन्हा मारू नका, पाव इंच आत सरका. मशीनखाली फ्लेक्स चिकटून पुढे सरकत नसेल तर वरून थोडी टाल्कम पावडर चोळा. घरगुती मशीन दोन थर निभावतं. पट्ट्याच्या जोडावर चार थर येतात, तिथे चाक हातानेच फिरवा.

माल कुठला? चौकातला फलक परस्पर उतरवून आणू नका. छपाईच्या दुकानात मजकूर चुकलेले, न वापरलेले तुकडे पडून असतात, गणेशोत्सवानंतर मंडळांकडे, शिवाय क्लासवाल्यांकडे. घेताना कोपरा दुमडून नखाने दाबा. तडा गेला किंवा पांढरी पूड निघाली तर उन्हाने मेलेला माल, सोडून द्या. १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदीच आहे. पातळ माल पिशवीच्या कामाचाही नाही. आणि हंगामात ऊसतोडीच्या एखाद्या कुटुंबाने कोपीवर, म्हणजे त्यांच्या झोपडीवर, टाकायला अख्खा फ्लेक्स मागितला, तर कापू नका, देऊन टाका. तिथे तो जास्त गरजेचा आहे.

गच्चीवर पसरून धुण्याच्या पावडरीच्या पाण्याने घासा, सावलीत वाळवा, घडी न घालता गुंडाळून ठेवा. इस्त्री कधीच नाही.

कापण्याआधी फलक वाचा. माझा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. झुरिकच्या फ्रायटाग बंधूंनी १९९३ मध्ये ट्रकच्या ताडपत्रीच्या पिशव्या सुरू केल्या, त्यात जुनी छपाईच पिशवीची ओळख झाली. आपल्याकडच्या फलकांवर माणसं असतात. महाराजांचं चित्र, गणपती, कुणाचाही चेहरा मी तळाला येऊ देत नाही. छापील बाजू आत, पांढरी बाहेर. एकदा श्रद्धांजलीचा फलक आला. फोटोचा चौकोन कापून मी त्या घरी नेऊन दिला. त्या आजींनी तो पदराने पुसला आणि देव्हाऱ्याशेजारी ठेवला.

मापाचं म्हणाल तर १४ इंच रुंद, १५ उंच आणि ४ इंच तळाच्या पिशवीला १९ बाय ३७ इंचाचा एक तुकडा लागतो. १० बाय ५ फुटांच्या फलकातून असे ९ निघतात. रिंगा, फाटलेला भाग आणि चेहरे टाळून माझ्या हाती सहा-सातच येतात, हिशेब तेवढ्याचाच धरा. धुणं-वाळवणं हीसुद्धा मजुरी आहे, ती दरात घाला.

भाकरी, फरसाण, उघडं खाणं या पिशवीत ठेवू नका, आणि गिऱ्हाइकालाही तसं स्पष्ट सांगा. उरलेल्या पट्ट्या बंबात घालू नका. पीव्हीसी जळताना निघणारा धूर विषारी असतो. मी त्या पट्ट्या पिशवीच्या तळाला आतून दुहेरी लावते.

पहिल्या दहा पिशव्या विकू नका. दोन घरी ठेवा, बाकीच्या शेजारी द्या, महिनाभर बाजारहाट होऊ दे. परत मागवून बाजूची शिवण उजेडासमोर धरा. भोकं लांबट झालेली दिसली तर टाका अजून मोठा हवा.