केअर सेंटर बघायला जाताय? रात्रीची पाळी आधी बघा

पक्षाघाताच्या किंवा खुब्याचं हाड मोडलेल्या पेशंटच्या घरच्यांना बहुतेक वेळा आदल्या संध्याकाळी कळतं, 'उद्या डिस्चार्ज'. नाकात नळी, लघवीची पिशवी, एक बाजू लुळी, आणि घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मग रात्रभर फोन होतात आणि हॉस्पिटलनंतर पेशंट ठेवून शुश्रूषा करणाऱ्या ज्या केअर सेंटरमध्ये बेड रिकामा असेल तिथे पेशंट जातो. पेशंट आयसीयूतून वॉर्डात आला की त्याच दिवशी शोध सुरू करा. तेवढ्या अवधीत तीन जागा नीट बघून होतात.

आधी गरज लिहून काढा

जागा बघायच्या आधी वॉर्डातल्या सिस्टर आणि फिजिओथेरपिस्ट यांच्याकडून या प्रश्नांची उत्तरं घ्या. पेशंट स्वतः कूस बदलतो का? आधाराशिवाय बसतो का? पाणी गिळताना ठसका लागतो का? नळ्या कोणकोणत्या आहेत, आणि प्रत्येक नळी कधी घातली? माकडहाडावर, टाचांवर लाली किंवा जखम आहे का? वजन किती? रात्री भ्रम होतो का? हा कागद हातात असला की सेंटरचा मॅनेजर 'आम्ही सगळं करतो' एवढ्यावर तुम्हाला परत पाठवू शकत नाही.

डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा: सुधारणा कशात आणि किती अपेक्षित आहे? पक्षाघातानंतर पहिल्या तीन महिन्यांत सुधारणेचा वेग सर्वांत जास्त असतो, सहा महिन्यांनंतर तो बराच मंदावतो. त्यामुळे या काळात रोज फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं पुन्हा करायला शिकवणारी) आणि गरजेनुसार स्पीच थेरपी देणारी जागा हवी. उलट स्मृतिभ्रंश खूप पुढे गेला असेल तर थेरपीच्या मोठ्या जिमचे पैसे भरण्यापेक्षा माणसं जास्त असलेली, शांत जागा बरी. कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यात पॅलिएटिव्ह केअर शोधा, कारण वेदनाशमन हा तिथला मुख्य विषय असतो. वृद्धाश्रम वेगळे, बरेचसे फक्त हिंडत्याफिरत्या माणसालाच घेतात. पाटीवरच्या 'रिहॅब' शब्दावर जाऊ नका, व्यसनमुक्ती केंद्रंही तोच शब्द वापरतात.

कागद: दहा मिनिटांचं काम

महाराष्ट्रात पेशंट ठेवून उपचार करणाऱ्या जागेची नोंदणी १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली होते. महापालिका हद्दीत ती महापालिकेचा आरोग्य विभाग करतो. प्रमाणपत्रावर दोन गोष्टी बघा, मुदत आणि बेडची संख्या. कागदावर १५ बेड आणि आत २८ खाटा दिसल्या, तर पुढचं काही बघू नका. अग्निसुरक्षेचा 'फॉर्म बी', म्हणजे आग विझवायची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावा लागतो, शेवटचा दाखवायला सांगा. अंथरुणाला खिळलेली माणसं स्वतःहून जिना उतरू शकत नाहीत, म्हणून हा कागद मागायला संकोच नको.

गणवेश घातलेली प्रत्येक व्यक्ती सिस्टर नसते. जीएनएम, एएनएम किंवा बीएससी नर्सिंग झालेल्या परिचारिकेकडे महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक असतो. मामा-मावशी, म्हणजे मदतनीस, फार मोलाचं काम करतात, पण इंजेक्शन, सक्शन (घशातला कफ यंत्राने ओढून काढणं) आणि नळी घालणं ही त्यांची कामं नाहीत. फिजिओथेरपिस्ट रोज येतात की 'बोलावल्यावर', रात्री डॉक्टर जागेवर असतात की फोनवर, आणि त्यांची पदवी कोणती, हेही थेट विचारा.

रात्रीचं गणित

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हा. जो पेशंट स्वतः हलू शकत नाही त्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. नाही बदलली तर हाड आणि गादी यांच्यामध्ये दाबल्या गेलेल्या त्वचेला रक्त मिळत नाही आणि बेडसोअर होतो. एअर मॅट्रेस (हवेची गादी) असली तरी कूस बदलण्यातून सुटका नाही.

आता विचारा, 'रात्री दहा ते सकाळी सहा या मजल्यावर माणसं किती आणि पूर्ण परावलंबी पेशंट किती?' समजा २० पेशंट आणि दोन माणसं. जड पेशंटची कूस बदलायला दोघं लागतात. डायपर बघणं, पुसणं, उशा लावणं धरून एका पेशंटला १० मिनिटं जातात. म्हणजे एका फेरीला २०० मिनिटं, आणि हातात वेळ १२०. माणसं कितीही प्रेमळ असली तरी दोन तासांची फेरी तिथे होऊच शकत नाही. पहाटे तीन ते सहा या वेळात ती आणखी मागे पडते. हे गणित मॅनेजरसमोर मांडा. चांगल्या जागेत तुम्हाला पाळीचा तक्ता काढून दाखवतील.

दोनदा जा

एकदा सकाळी अकराच्या सुमाराला, आणि एकदा रात्री आठनंतर किंवा रविवारी दुपारी, शक्य तर न कळवता. त्या वेळी खोल्यांमध्ये जाऊ देत नसतील तर निदान मजल्यावर उभं राहू द्या म्हणा. इतर पेशंटच्या खाजगीपणाचं कारण रास्त आहे, पण मजलाच दाखवायला नकार दिला तर तो नकार लक्षात ठेवा.

सकाळी अकराला थेरपीची वेळ असते. त्या वेळी बहुतेक सगळे पेशंट गाढ झोपलेले दिसले तर गुंगीच्या औषधांबद्दल विचारा: कोण लिहून देतं, नातेवाइकांना सांगतात का? हात खाटेला बांधलेले दिसले तर त्याची लेखी परवानगी, वेळ आणि कारण फाइलमध्ये असायला हवं. पेशंटच्या टाचा बघा. पोटरीखाली उशी देऊन टाच गादीपासून वर उचललेली असेल, तर तिथे शिकवणारी कुणीतरी सिस्टर आहे. पाण्याचा ग्लास हाताला लागतो का? बेल चांगल्या हाताच्या बाजूला आहे की लुळ्या? बेल दाबून बघायची परवानगी मागा आणि घड्याळ लावा. एका खोलीत लघवीचा वास येणं साहजिक आहे; सगळ्या मजल्यावर येत असेल, किंवा तो रूम फ्रेशनरने दडपलेला असेल, तर डायपर वेळेवर बदलले जात नाहीत.

कुशी बदलण्याचा तक्ता बहुधा खाटेला अडकवलेला असतो. तुम्ही दुपारी चारला गेलात आणि सहा व आठचे रकानेही आधीच भरलेले असले, किंवा चोवीस तासांच्या सगळ्या खुणा एकाच पेनाने, एकाच हाताने केलेल्या दिसल्या, तर तो तक्ता तपासणीसाठी भरला जातो. खऱ्या तक्त्यावर सह्या बदलतात, वेळा दहा-पंधरा मिनिटं मागेपुढे होतात, एखादी नोंद राहून गेलेली असते.

नाकातल्या नळीने, म्हणजे रायल्स ट्यूबने, खाणं देताना जमलं तर एकदा बघा. डोकं ३० ते ४५ अंश वर हवं. नळी जागेवर असल्याची आधी खात्री केली जाते. मग सिरिंजचा दट्ट्या काढून, नुसती नळकांडी जोडून खाणं आपल्या वजनाने खाली उतरू देतात. शेवटी सुमारे ३० मिलिलिटर पाणी, आणि त्यानंतर निदान अर्धा तास तसंच उंच डोकं. घाईत दट्ट्याने ढकललं किंवा लगेच आडवं केलं की खाणं उलटून फुफ्फुसात जाऊ शकतं, न्यूमोनिया होतो आणि पेशंट पुन्हा आयसीयूत जातो. लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीपेक्षा खाली पण जमिनीला न टेकता लटकलेली असावी.

थेरपी कशी ओळखायची

'रोज फिजिओ' याचा अर्थ काही ठिकाणी दहा मिनिटं हातपाय हलवणं एवढाच असतो. किती मिनिटं, आठवड्यातून किती दिवस आणि रविवारी काय, हे लिहून घ्या. भरती करताना आणि मग दर दोन आठवड्यांनी बार्थेल इंडेक्स काढतात का ते विचारा. खाणं, अंघोळ, कपडे, शौचास जाणं, खाटेवरून खुर्चीवर बसणं, चालणं, जिना अशा दहा बाबींचे मिळून ० ते १०० गुण असतात. उद्दिष्टही मोजता येईल असं हवं: 'दोन आठवड्यांत खाटेच्या कडेला आधाराशिवाय १० मिनिटं बसतील'. 'प्रयत्न चालू आहेत' हे उत्तर पुरेसं नाही.

खाटेवरून व्हीलचेअरवर घेताना माणसं काय करतात ते नक्की बघा. खुर्ची चांगल्या बाजूला, ब्रेक लावलेले, पायाच्या पट्ट्या बाजूला केलेल्या, आणि पकड कमरेच्या पट्ट्याला. लुळा हात ओढून किंवा काखेत हात घालून उचललं तर सैल झालेला खांदा निखळतो. त्या दुखण्यापायी आठवडेच्या आठवडे व्यायाम बंद पडतो. फिजिओथेरपिस्ट कितीही निष्णात असले तरी ते दिवसातला एखादा तास असतात, बाकीचे तेवीस तास मामा-मावशींच्या हातात. त्यांना हे कोण शिकवतं आणि कधी, हा प्रश्न फिजिओथेरपिस्टनाच विचारा.

तातडीच्या वेळेसाठी सक्शन मशीन चालू करून दाखवायला सांगा. वीज गेल्यावर ते आणि ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं यंत्र) कशावर चालतात? भरलेला सिलिंडर किती लांब? लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतं का? श्वासासाठी गळ्याला छिद्र पाडून नळी घातलेल्या पेशंटच्या उशाशी त्याच मापाची एक आणि एक माप लहान अशी जादा नळी ठेवलेली असली पाहिजे. नसेल तर अशा पेशंटसाठी ती जागा नाही.

पैसे

महिन्याचा आकडा ऐकून तुलना करू नका. त्यात काय धरलेलं नाही ते विचारा: डायपर, अंडरपॅड, ग्लोव्हज, ड्रेसिंग, थेरपीची सत्रं, डॉक्टरांची भेट, ऑक्सिजन, एअर मॅट्रेसचं भाडं, रुग्णवाहिका. दिवसाला चार डायपर धरले तरी महिन्याला १२० होतात. ते बाहेरून आणून दिले तर चालतील का? तुमच्यासारख्याच एखाद्या पेशंटचं नाव झाकलेलं मागच्या महिन्याचं बिल मागा, त्यातून सगळं कळतं.

करारात ही कलमं शोधा: डिपॉझिट किती दिवसांत परत, मध्येच हॉस्पिटलला हलवलं तर बेडचे पैसे चालू राहतात का, किती दिवसांची नोटीस, आणि कोणत्या कारणासाठी ते पेशंटला न्यायला सांगू शकतात. आरोग्यविम्यावर फार विसंबू नका. 'रेस्ट क्युअर, रिहॅबिलिटेशन अँड रेस्पाइट केअर' (विश्रांती, पुनर्वसन आणि तात्पुरती देखभाल) हा पॉलिसींमधला प्रमाणित अपवाद आहे, म्हणजे हा खर्च विम्यातून वगळलेला असतो; त्याचा संकेतांक Excl05. तुमच्या पॉलिसीत तो आहे का ते बघा आणि विमा कंपनीला लेखी विचारा.

मुलं परदेशात असतील तर इथे कुणी तरी एक माणूस नेमा, जो रात्री दोन वाजता फोन उचलेल आणि हॉस्पिटलात भरतीचा निर्णय घेऊ शकेल. त्याचं नाव करारात घाला. ठरलेल्या वेळेच्या व्हिडिओ कॉलवर पेशंट नेहमी केस विंचरलेला दिसतो, तेव्हा या माणसाने वेगवेगळ्या वेळी जाऊन यावं.

भरतीचा दिवस आणि पहिला आठवडा

पोचल्यावर सिस्टरसोबत पेशंटची त्वचा डोक्यापासून टाचेपर्यंत बघा. जिथे लाली किंवा जखम असेल तिची नोंद फाइलमध्ये करून घ्या आणि फोटो काढा. यात दोन्ही बाजूंचं संरक्षण आहे. वजन करा. कवळी, चष्मा आणि श्रवणयंत्रावर नाव घाला, दागिने घरी न्या.

औषधांत चुका याच दिवशी होतात. डिस्चार्ज समरीतलं आणि घरचं जुनं औषध वेगवेगळ्या ब्रँडचं पण एकच असू शकतं, आणि दोन्ही चालू राहतात. प्रत्येक गोळीचं मूळ नाव बघून सिस्टरसोबत एकच यादी करा. रक्त पातळ करणारी, फिटची आणि मधुमेहाची औषधं दोनदा तपासा.

पुढचे सात दिवस वेगवेगळ्या वेळी जा. माकडहाडावरची लाली बोटाने दाबून सोडा. ती जागा फिकी होऊन परत लाल झाली तर दाब कमी करायला अजून वेळ आहे. दाबूनही तशीच राहिली तर बेडसोअरची सुरुवात झाली आहे, लगेच सांगा. सावळ्या त्वचेवर लाली चटकन दिसत नाही, तिथे शेजारच्या त्वचेपेक्षा गरम किंवा कडक लागतं का ते बघा. त्या जागी चोळू नका. तक्रार असेल तर आधी इनचार्ज सिस्टरना सांगा, दुसऱ्या दिवसापर्यंत फरक पडला नाही तर मॅनेजरना लेखी द्या. दाद लागली नाही तर ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही मोफत हेल्पलाइन आहे.

पेशंट घरी येणार असेल तर शेवटचे तीन-चार दिवस घरच्या दोघांनी रोज तिथे जाऊन कूस बदलणं, खुर्चीवर घेणं आणि नळीने खाणं देणं स्वतःच्या हाताने, सिस्टरच्या देखरेखीखाली करावं. दारांची रुंदी, खाटेची आणि कमोडची उंची मोजून फिजिओथेरपिस्टना द्या. व्हीलचेअर न्हाणीघराच्या दारातून जात नाही, हे पेशंट घरी यायच्या आधीच कळलेलं बरं.