पेपरवर नाव लागण्याआधी
पीजीच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा एका सीनिअरने विचारलं, "तुझं नाव टाकतोय रिसर्च पेपरमध्ये, चालेल ना?" मी लगेच हो म्हटलं. माझं काम काय, तर रेकॉर्ड सेक्शनमधून साठेक केसपेपर शोधून दिले होते, मॅन्युस्क्रिप्ट उघडूनही पाहिलं नव्हतं. चार महिन्यांनी जर्नलकडून सगळ्या ऑथर्सना मेल आला, तक्ता 2 मध्ये दोन्ही गटांचे पेशंट मिळून 121 होतात आणि वर एकूण 118 लिहिलंय, खुलासा करा. तो तक्ता मी त्या रात्री पहिल्यांदा बघितला. तीन पेशंट दोन्हीकडे मोजले गेले होते. चूक छपाईआधी सापडली म्हणून निभावलं, पण माझ्या नावाने काय छापलं जाणार होतं हे मलाच ठाऊक नव्हतं, हे आठवलं की अजूनही पोटात गोळा येतो.

म्हणून नवीन लोकांना आधी हेच सांगते, आयसीएमजेई, म्हणजे वैद्यकीय जर्नल्सच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती, तिचे ऑथरशिपचे चार निकष वाचा. कल्पना, आराखडा, डेटा गोळा करणं किंवा अ‍ॅनालिसिस यात भरीव वाटा हवा, मसुदा लिहिण्यात किंवा त्यात महत्त्वाची सुधारणा करण्यात हात हवा, शेवटच्या व्हर्जनला मान्यता हवी आणि पूर्ण कामाची जबाबदारी घ्यायची तयारी हवी. चारही लागतात. जबाबदारीचा निकष 2013 मध्ये जोडला गेला. नुसतं फंडिंग आणलं किंवा विभागप्रमुख आहेत म्हणून नाव लागत नाही, त्यांचे आभार मानायचे.

पण याच नियमातली एक ओळ ज्युनिअर्सना कुणी सांगत नाही. ज्याने पहिला निकष पूर्ण केलाय, म्हणजे तुम्ही सहा-सहा महिने डेटा जमवलाय, त्याला मसुद्यावर काम करायची आणि तो मंजूर करायची संधी द्यायलाच हवी. "तू लिहिलं कुठे" म्हणून नाव गाळायचं आणि लिहायला बोलवायचंच नाही, हे चालत नाही. मसुदा हक्काने मागा.

2020 मधलं सर्जिस्फिअर प्रकरण जरूर वाचा. कोविडसाठी दिल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधावरचा लॅन्सेटमधला तो पेपर दोन आठवड्यांत मागे घेतला गेला, कारण मूळ डेटा सर्जिस्फिअर या कंपनीकडे होता आणि चारपैकी तीन ऑथर्सना त्याची स्वतंत्र तपासणी करून घेता आली नाही. जगातलं इतकं मोठं जर्नल, आणि तरी हे झालं! तेव्हा आपल्या पेपरचा डेटा कुठल्या फाइलमध्ये आहे आणि ती आपल्याला उघडता येते का, एवढं तरी बघाच.

नावांचा क्रम पहिल्याच मीटिंगला ठरवा आणि त्याच दिवशी सगळ्यांना मेल करा, तोंडी ठरलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही. काम बदललं तर क्रमही पुन्हा बोलून घ्या. सबमिट केल्यावर नाव वाढवायचं किंवा काढायचं तर जर्नल सगळ्यांची लेखी संमती मागतं, ज्याचं नाव काढायचंय त्याचीसुद्धा. आणि भांडण झालंच तर एडिटर सहसा निवाडा करत नाहीत, प्रकरण संस्थेकडे पाठवतात, तिथे तो जुना मेलच कामाला येतो.

एआय टूलला ऑथर करता येत नाही, वापरलं असेल तर सांगायचं.

आता कुणी नाव टाकू का विचारलं की मी एवढंच म्हणते, "मसुदा आणि डेटाशीट पाठवा, वाचून दोन दिवसांत कळवते." एकदा वाचल्यावर माझा वाटा पुरेसा वाटला नाही, तर आभारात टाका म्हणून कळवलं, समोरच्याने राग मानला नाही.