इटलीला मुलांना नेताय? आधी लसीचं कार्ड उघडा

इटलीत 2017 च्या कायद्यानं 10 लसी सक्तीच्या आहेत. त्या पुऱ्या नसतील तर सहा वर्षांखालच्या मुलाला पाळणाघरात किंवा बालवाडीत घेतच नाहीत. मोठ्यांना शाळेत घेतात, पण पालकांना दंड होऊ शकतो.

आपल्याकडे सरकारी दवाखान्यात सगळ्या लसी वेळेवर घेतल्या असल्या तरी बहुधा दोन राहतात: गालगुंड आणि कांजिण्या. सरकारी एमआर लसीत फक्त गोवर नि रुबेला असतो. त्यामुळे खासगी बालरोगतज्ज्ञांकडून एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) आणि व्हॅरिसेला (कांजिण्यांची लस) घ्या. दोन्ही जिवंत विषाणूंच्या लसी. एकाच दिवशी टोचा, नाहीतर मध्ये किमान चार आठवडे सोडा. शिवाय व्हॅरिसेलाच्या दोन डोसांत साधारण तीन महिने. तिकीट काढल्यावर आठवण झाली की इथेच घोडं अडतं.

कार्डावर नुसती कंपनीची नावं किंवा स्टिकरं नकोत. डॉक्टरांकडून प्रत्येक रोगाचं नाव, तारीख, सही-शिक्का घ्या. पोलिओ वेगळा लिहून घ्या, कारण पेंटाव्हॅलंटमध्ये, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्र लसीत, तो नसतो आणि थेंबांची नोंद हमखास निसटते. मग इटालियन भाषांतर करून घ्या. पोचल्यावर तिथल्या सरकारी आरोग्य कार्यालयात, म्हणजे ‘आझल’मध्ये, हेच कागद दाखवायचे असतात.