पिठाच्या डब्यावर पायची किंमत कशी काढावी

दोरा आणि बांगडी घेऊन पायची (π, म्हणजे परीघ भागिले व्यास) किंमत काढली की ३.०५ पासून ३.३ पर्यंत काहीही येते, आणि मुले वहीत मुकाट्याने ३.१४ लिहून टाकतात. असे होऊ देऊ नका. चूक कुठून आली ते शोधणे हाच या प्रयोगाचा गाभा आहे.

वस्तू मोठी घ्या. ७ सेंटिमीटरच्या झाकणाचा व्यास १ मिलिमीटर जास्त मोजला गेला तर उत्तर ३.१० येते; २८ सेंटिमीटरच्या पिठाच्या डब्यावर तेवढीच चूक ३.१३ देते. डबा उभ्या सरळ बाजूंचा हवा. ताटाची कड कलती असते, तिच्यावरून माप घसरते.

दोरा मुळीच नको. तो ताणला जातो, शिवाय २ मिलिमीटर जाडीच्या सुतळीची मधली रेषा डब्यापासून १ मिलिमीटर बाहेर राहते. तेवढ्याने परीघ ६.३ मिलिमीटर वाढतो आणि उत्तर ३.१६ होते. त्याऐवजी आपल्या ग्वाल्हेरात बाड्याच्या चौकातल्या एखाद्या स्टेशनरीच्या दुकानातून बिलाच्या मशीनचा कागदी रोल आणा. मीटरभर पट्टी डब्याभोवती घट्ट गुंडाळा, टोके एकमेकांवर येऊ द्या आणि जिथे कागद दुहेरी आहे तिथे टाचणीने आरपार टोचा. पट्टी उलगडली की दोन छिद्रांमधले अंतर म्हणजे परीघ. पट्टी तिरकी गेली तर तो जास्त भरतो, म्हणून तिची कड डब्याच्या बुडाशी समांतर ठेवा.

व्यास तोंडावर टेप धरून मोजू नका. टेप मध्यातून गेली नाही की व्यास कमीच येतो आणि पाय फुगतो. डबा भिंतीला टेकवा, समोरून जाड पुस्तक लावा, पुस्तकाची दोन्ही टोके भिंतीपासून सारखी दूर आहेत ना ते पाहा आणि ते अंतर मोजा. डबा थोडा पोचलेला असतोच. म्हणून तो ६०-६० अंशांनी फिरवून तीन मापांची सरासरी घ्या. परीघ ८७.९ ते ८८.१ सेंटिमीटर भरला तर हात चांगला बसला.

आता २२/७ खरे की ३.१४१६? या डब्यावर दोन्हींच्या परिघांत जेमतेम ०.३५ मिलिमीटरचा फरक पडतो. घरच्या पट्टीला तो कळणार नाही. भास्कराचार्यांनी लीलावतीत सूक्ष्म कामासाठी ३९२७/१२५० आणि व्यवहारासाठी २२/७ अशा दोन्ही किमती दिल्या, त्या याच समजुतीने. त्याआधी, ४९९ मध्ये, आर्यभटाने २०,००० व्यासाला ६२,८३२ परीघ सांगितला आणि तो जवळपासचा आहे हेही सांगितले. ही संख्या त्याने श्लोकात शब्दांनी मांडली. शून्यासकट अंकांत कोरलेला २७० पाहायचा तर आपल्या ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर चतुर्भुज मंदिरात ८७६ चा शिलालेख आहे. मुलांना तो जरूर दाखवा.

पट्टीच्या पुढे जायचे तर गणितच हवे. केरळच्या माधवाची श्रेणी घ्या: ४ − ४/३ + ४/५ − ४/७ … अशी दहा पदे. बेरीज ३.०४१८३९६२ येते, आणि इथेच बहुतेक जण श्रेणी निकामी समजून सोडून देतात. तिच्यासोबतची दुरुस्ती वापरा. पदे दहा, म्हणून १/१० मिळवा: ३.१४१८. त्याऐवजी ४०/४०१ मिळवा: ३.१४१५९०. त्याहून बारीक हवे तर ४०४/४०५०: ३.१४१५९२७१, म्हणजे सातव्या दशांश स्थळापर्यंत बरोबर. प्रत्येक पद मात्र आठ दशांश स्थळांपर्यंत लिहा. तीन स्थळांवर तोडले तर दहा पदांची मिळून चूक ०.००५ पर्यंत जाऊ शकते आणि दुरुस्ती वाया जाते.