पाहुण्यांच्या मोबाइलला वाय-फाय जोडून देताना

जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेसाठी सोलापुरात घरोघरी पाहुणे येतात आणि प्रत्येकाला वाय-फायचा लांबलचक पासवर्ड, त्यातील कॅपिटल अक्षरांसह, सांगत बसावे लागते. म्हणून अनेक जण पासवर्डच सोपा ठेवतात, ते मात्र योग्य नव्हे.

त्याऐवजी राउटरच्या सेटिंगमध्ये 'गेस्ट नेटवर्क', म्हणजे पाहुण्यांसाठीचे वेगळे वाय-फाय, सुरू करावे. सेटिंग उघडण्यासाठी ब्राउझरमध्ये टाकायचा पत्ता, बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१, राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या लेबलवर असतो. गेस्ट नेटवर्कला वेगळे नाव व पासवर्ड द्यावा, सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ निवडावा आणि घरातील इतर उपकरणांशी संपर्काची मुभा देणारा पर्याय बंद ठेवावा, म्हणजे पाहुण्यांना इंटरनेट मिळते, पण आपला प्रिंटर किंवा संगणक त्यांच्या मोबाइलला दिसत नाही.

मग आपला अँड्रॉइड १० किंवा त्यापुढचा मोबाइल या नेटवर्कला जोडून, वाय-फाय सेटिंगमध्ये त्याच्या नावासमोरील दातेरी चक्रावर व नंतर 'शेअर'वर बोट ठेवले की क्यूआर कोड दिसतो. त्याचा स्क्रीनशॉट छापून बैठकीच्या खोलीत ठेवावा. आयफोनचा कॅमेराही तो वाचतो. फार जुन्या मोबाइलला मात्र पासवर्ड हातानेच घालावा लागेल.

या कोडमध्ये पासवर्ड उघड मजकुराच्या रूपात असतो; त्यामुळे तो दारावर चिकटवू नये, कौटुंबिक व्हॉट्सअॅप गटावरही टाकू नये आणि यात्रा आटोपल्यावर गेस्ट नेटवर्क बंद करावे.