परसातला निसर्ग जलरंगात रंगवताना या चुका टाळा

परसातले अळू, कुंडीतला मोगरा, पावसाळ्यात कुंपणाच्या भिंतीवर चढणारे शेवाळ असे हाताशी असलेले विषय घेऊन बसणाऱ्या नवशिक्यांची चित्रे मी नेहमी पाहतो, आणि ती बहुधा घाईने बिघडलेली असतात.

सर्वांत मोठी चूक म्हणजे अर्धवट वाळलेल्या वॉशला, म्हणजे पाणी घालून पसरलेल्या पातळ रंगाच्या थराला, पुन्हा ब्रश लावणे. वरची चकाकी गेली तरी कागदाच्या पोटात ओल असते. अशा वेळी ब्रशमधले जास्तीचे पाणी तेथे उतरले की ते आधीच्या रंगकणांना कडेकडे ढकलते आणि फुलकोबीसारख्या कातरलेल्या कडेचा डाग उमटतो. एका श्रावणात अळूचे एक मोठे पान मी सकाळभर खपून रंगवले होते, त्यावरचे पाण्याचे थेंबही नीट राखले होते. केवळ एक शीर गडद करावी म्हणून ब्रश टेकवला आणि पानाच्या मधोमध डाग पसरला. मग मी तो टिपला, त्यावर रंग चढवला, पुन्हा घासला, आणि शेवटी कागदाची लव निघाली. पहिल्याच डागापाशी हात आवरला असता, तर तो अळूवरचा करपा म्हणून सहज खपला असता. तेव्हापासून मी हाताची मागची बाजू कागदाला हलकेच लावून पाहतो. कागद गार लागला, तर उठून चहा ठेवतो. पावसाळी हवेत हे दोनदा करावे लागते. हेअर ड्रायर जवळ घेऊन बसणाऱ्यांशी माझे फारसे जमत नाही.

दुसरी चूक हिरव्याची. ट्यूबमधला सॅप ग्रीन जसाच्या तसा प्रत्येक झाडाला फासला, की आंबा, केळ आणि तुळस एकाच कारखान्यातून आल्यासारखी दिसतात. वास्तविक आंब्याची कोवळी पालवी तर तांबूस असते. मी गॅम्बोज हा पिवळा आणि अल्ट्रामरीन हा निळा मिसळून हिरवा करतो आणि सावलीसाठी त्यात थोडा बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग घालतो.

मोगऱ्याच्या पाकळ्या पांढऱ्या रंगाने रंगवू नयेत. कागद कोरा राखून भोवतीची पाने गडद करावीत.

कागदात काटकसर नको; 300 जीएसएमचा (चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा) जाड सुती कागद घ्यावा आणि पावसाळ्यात तो प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवावा. दमट हवेने कागदाची खळ, म्हणजे रंग लगेच शोषला जाऊ नये म्हणून दिलेला लेप, बिघडली, की रंग टीपकागदावर पडल्यासारखा शोषला जातो आणि गडद ठिपके उठतात. त्यावर सोपा उपाय नाही. असे ताव मी मिश्रणे करून पाहण्यासाठी वेगळे काढतो.