ट्रकचा क्लच बदलताय? नवा सेट घेण्याआधी जुनी प्लेट वाचा

गिअरबॉक्स खाली उतरला की गॅरेजमधून मालकाला फोन येतो, "शेठ, क्लच सेट पाठवा." दुकानदार प्लेटचा व्यास विचारतो, "किती मि.मी.?" आकडा सांगितला की सेट निघतो. माझ्या मते चुकीचा क्लच येतो तो या एका आकड्यामुळे.

पण त्याआधी मुळात क्लचच गेलाय का, ते तपासा. भरलेली गाडी चढावर वरच्या गिअरमध्ये आहे, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज वाढतोय आणि वेग मात्र वाढत नाही, तर क्लच स्लिप होतोय. अशा वेळी पेडलचा फ्री प्ले, म्हणजे क्लच सुटायला लागण्याआधीची पेडलची मोकळी चाल, आधी बघा. तो उरलाच नसेल तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग) प्रेशर प्लेटच्या फिंगरवर, म्हणजे मधल्या पट्ट्यांवर, सतत टेकून राहतं आणि चांगली प्लेटही घसरते. उलट गिअर पडताना करकर वाजत असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही. तिथे ऑइलची गळती, लाइनमधली हवा आणि क्लच बूस्टर (पेडलच्या जोराला हवेच्या दाबाची मदत देणारा भाग) तपासल्याशिवाय गिअरबॉक्सला हात लावू नका.

गिअरबॉक्स उतरवलाच, तर जुनी प्लेट भंगारात टाकू नका. पुसण्याआधी उजेडात धरून दोन्ही बाजू बघा. लायनिंग (प्लेटवरचा घर्षणाचा थर) सगळीकडून सारखं झिजून रिव्हेटपर्यंत आलं असेल तर प्लेटने आपलं आयुष्य जगलंय, तसाच सेट पुन्हा घाला. लायनिंग काळं, चकचकीत आणि तेलकट असेल तर क्रँकचा मागचा सील किंवा गिअरबॉक्सचा पुढचा सील गळतोय. तो बदलला नाही तर नवी प्लेटही त्याच वाटेने जाईल. लायनिंग जळून भुगा झालंय आणि फ्लायव्हीलवर (प्लेट जिच्यावर दाबली जाते त्या इंजिनाच्या जड चकतीवर) निळे डाग पडलेत, म्हणजे हाफ क्लचवर, पेडल अर्धवट दाबून, गाडी खूप ओढली गेलीय किंवा तिच्यावर झेपेल त्याहून जास्त माल आहे. मधल्या डँपर स्प्रिंगा (झटके शोषणाऱ्या स्प्रिंगा) ढिल्या किंवा तुटलेल्या असतील तर झटक्याने क्लच सोडण्याची सवय, इंजिनाची थरथर आणि प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस (सांध्यातले तुकडे) हे तिन्ही बघा. ही पाच मिनिटं देणारा मिस्त्री मला सर्वांत भरवशाचा वाटतो.

आता माप. आपल्याकडच्या अवजड गाड्यांत ३५२, ३८०, ३९५, ४३० मि.मी. अशा प्लेटा चालतात. पण व्यास जुळला म्हणजे क्लच जुळला असं नाही. हबच्या (प्लेटच्या मधल्या, शाफ्टवर बसणाऱ्या भागाच्या) दात्यांची संख्या आणि जाडी जुळली पाहिजे, हबची उंची जुळली पाहिजे, प्रेशर प्लेट (क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणारा भाग) पुश आहे की पुल हेही जुळलं पाहिजे. पुश प्रकारात बेअरिंग फिंगरना फ्लायव्हीलकडे दाबतं, पुलमध्ये ते त्यांना मागे ओढतं. त्यामुळे एकाचं सामान दुसऱ्याला चालत नाही.

आमच्या एका दहा टायर टिपरला मी एकदा घाईत प्लेट आणली. व्यास तोच, दातेही तेच. सगळं बसलं, गाडी चालू केली, पण गिअर पडेना. गिअरबॉक्स पुन्हा उतरवला तेव्हा फ्लायव्हीलच्या बोल्टांच्या डोक्यांवर घासल्याच्या ताज्या चकाकत्या खुणा दिसल्या. नव्या प्लेटचा डँपर काही मि.मी. जास्त बाहेर आलेला होता. तेव्हापासून मी चेसिस नंबर आणि इंजिन नंबर देऊनच पार्ट नंबर काढून घेतो, आणि जुनी प्लेट काउंटरवर नव्या प्लेटच्या शेजारी ठेवतो.

लायनिंग कामाप्रमाणे निवडा. हायवेवर लांब पल्ला मारणाऱ्या गाडीला साधं ऑरगॅनिक लायनिंग उत्तम. ते मऊ धरतं, गिअरबॉक्सलाही सुख देतं. खाणीत, धरणाच्या कामावर किंवा उसाच्या फडातून चिखलात भरलेली गाडी दिवसभर उचलायची असेल, तर बटण म्हणजे सेरामेटॅलिक (धातू आणि सिरॅमिकच्या मिश्रणाची) प्लेट उष्णता जास्त सोसते. मात्र ती झटक्याने धरते, फ्लायव्हील लवकर खाते आणि क्रॉस आणि क्राउनवर (मागच्या धुरीतल्या मोठ्या गिअरवर) ताण टाकते. म्हणून त्या मॉडेलसाठी कंपनीने ती दिलेली असेल तरच घ्या. २०१८ मध्ये तीन अ‍ॅक्सलच्या ट्रकची एकूण वजनमर्यादा २५ टनांवरून २८.५ टन झाली. जुन्या गाडीवर वाढीव माल भरत असाल तर क्लच निवडताना हा आकडा दुकानदाराच्या कानावर घाला.

नुसती प्लेट बदलून पैसे वाचत नाहीत. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्रच घ्या, पायलट बेअरिंगही (गिअरबॉक्स शाफ्टचं पुढचं टोक धरणारं) त्याच वेळी बदला. नाहीतर किरकोळ किमतीच्या बेअरिंगसाठी गिअरबॉक्स पुन्हा उतरवण्याची मजुरी आणि गाडी उभी राहिल्याचं नुकसान सोसावं लागतं. फ्लायव्हीलला तडे असतील तर ते बदलाच. नुसते चरे असतील तर लेथवर फेस मारून, म्हणजे पृष्ठभाग सपाट कातून घ्या, पण मॅन्युअलमधल्या मर्यादेतच. खोलगट फ्लायव्हील असेल तर जेवढा थर घासपट्टीवरून काढला तेवढाच प्रेशर प्लेट बसते त्या कडेवरूनही काढायला सांगा. लेथवाला हे विसरला तर क्लचचा दाब कमी पडतो.

साक्स, लुक, वालेओ, लाइप ही क्लचची नावाजलेली नावं बाजारात सहज मिळतात आणि त्यांच्या नकलाही मिळतात. पक्कं बिल घ्या, खोक्यावरचा पार्ट नंबर आतल्या मालाशी ताडून बघा. रिकंडिशन प्रेशर प्लेट मी अवजड गाडीला घालत नाही, कारण उष्णतेने बसलेली डायफ्राम स्प्रिंग (प्रेशर प्लेटला दाब देणारी चकतीसारखी स्प्रिंग) रंग मारल्याने पुन्हा ताठ होत नाही.

बसवण्याआधी प्लेट गिअरबॉक्सच्या शाफ्टवर हाताने सरकवून बघा. ती अडकता कामा नये, डुगडुगताही कामा नये. दात्यांना ग्रीस अगदी पातळ लावा आणि जास्तीचं पुसून काढा. प्लेटवर फ्लायव्हीलची बाजू लिहिलेली असते, ती फ्लायव्हीलकडेच ठेवा. पहिले काही दिवस ड्रायव्हरला हलका माल आणि सपाट रस्ता द्या. खंबाटकी किंवा कसारा घाट भरल्या गाडीने लगेच चढवायला लावू नका. आणि क्लच बसवला त्या दिवशीचं किलोमीटर रीडिंग बिलाच्या मागे लिहून ठेवा, पुढच्या वेळी प्लेट किती चालली ते तिथूनच कळेल.